पाठीवर आडवा डाग

"आबांनी टोपी काढून खुंटीला लावली ना, की तू तिथं थांबू नको. पदरात पोर असलं तर त्याले उचल आन मागच्या दारानं निंघ."

मंदाबाईंनी हे सांगितलं तेव्हा डिंपलला या घरात येऊन नऊ दिवस झाले होते. हातावरची मेंदी अजून पुरती उतरली नव्हती. सासू-सुना मागच्या ओट्यावर कपाशीच्या काड्यांत भरताची वांगी भाजत बसल्या होत्या. मांजर फिरतंय, दुधावर झाकण ठेव, असं सांगावं तितक्या सहज मंदाबाई बोलल्या आणि वांगं उलटवलं. डिंपलला हसू फुटलं. शिरपूरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली पोरगी ती, तिला वाटलं, सासूबाईंची ही काहीतरी जुनी समजूत असणार. दुपारी तिनं माहेरी फोन लावला. "आई, आमच्या सासूबाई टोपीला भितात!" तिकडून आईही खळखळून हसली. "टोपीले कोन भ्यास वं माय!"

तसं टोपीत भिण्यासारखं काही नव्हतंच. आबा म्हणजे तिचे सासरे, लोटन पाटील; त्यांची टोपी पांढरीशुभ्र, रोज इस्त्रीची. रावेर तालुक्यातल्या त्या गावात बारा एकर केळी, घराला लागूनच केळी धुवायचा आणि पेट्या भरायचा मोठा शेड. बोलणं हळू. गावात कुणाचं भांडण झालं की मिटवायला आबांनाच बोलावणं यायचं. सुनेला कधी 'अगं' म्हणाले नाहीत, 'डिंपलबाई' म्हणायचे.

पाचव्या महिन्यात तिनं पाहिलं.

व्यापाऱ्याचा माणूस आला होता. बोलता बोलता मंदाबाई चहा ठेवायला आल्या आणि म्हणाल्या, कालचे घड जरा हलकेच होते. एवढंच. आबा हसले. चहा संपवला, पाहुण्याला फाटकापर्यंत सोडून हात जोडले, परत आले. ओसरीत उभं राहून त्यांनी टोपी काढली, फुंकर मारून तिच्यावरची धूळ उडवली आणि खुंटीला लावली. मग शेडमध्ये जाऊन ढिगातला एक दांडा उचलला.

केळीच्या घडाच्या फण्या कापून घेतल्या की मधला दांडा उरतो. मनगटाएवढा जाड, हातभर लांब, चिकानं थबथबलेला. शेडमागं त्याचे ढीग पडलेले असतात, गुरंही सगळे खात नाहीत. आबांनी मंदाबाईंना ओसरीतच गाठलं. पहिला फटका पाठीत बसला तेव्हा ओल्या गोधडीवर काठी हाणल्यासारखा आवाज आला. मंदाबाई ओरडल्या नाहीत. भिंतीला दोन्ही तळवे टेकून उभ्या राहिल्या, सवय असल्यासारख्या. दुसरा. तिसरा. चौथ्याला गुडघे वाकले. आबा काहीच बोलत नव्हते, शिवीसुद्धा नाही. एखादं काम उरकावं तसं चाललं होतं. डिंपल स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात थिजली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. ललित उठला. तिला वाटलं, आता हा मध्ये पडणार. ललित गेला तो सरळ शेडमध्ये आणि त्यानं धुण्याच्या टाकीची मोटर चालू केली. तिच्या घरघरीत सगळं बुडालं.

थोड्या वेळानं आबांनी दांडा टाकला, हात धुतले, टोपी घातली. "डिंपलबाई, चहा टाका जरा."

केळीचा चीक ताजा असतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो. वाळला की काळा पडतो, आणि कपड्यावरून मग जन्मात जात नाही. त्या गावात डाग नसलेला कपडाच सापडणार नाही, म्हणून कुणाच्या डागाकडं कुणी बघतही नाही. पण डिंपलची नजर बसली ती बसलीच. घड वाहणाऱ्यांचा डाग खांद्यावर असतो, फण्या धुणाऱ्यांचा पोटावर. मंदाबाई तर शेडमध्ये कामच करत नव्हत्या. त्यांच्या सगळ्या साड्यांवर, सगळ्या पोलक्यांवर, पाठीला काळे पट्टे होते. आडवे. दोरीवर वाळत टाकलेल्या त्या कपड्यांसमोर उभी राहून ती वर्षं मोजायची.

आईला तिनं पुन्हा फोन केला. या खेपेला आई हसली नाही. सगळ्या घरांत हेच चालतं, अशा समजुतीच्या सुरात म्हणाली, "बठ्ठा घरस्मा असंच ऱ्हास, डिंपल. तुले तर हात लावत नही ना?"

नाही, तिला हात लावत नव्हते. मग भाविका झाली. डिंपलनं मागच्या दाराच्या कडीला तेल घातलं. ती कडी कधी अडकणार नाही याची काळजी घेण्यापलीकडं तिनं काही केलं नाही, आणि हे तिला स्वतःलाही माहीत होतं.

*

गेल्याच्या गेल्या वैशाखातली गोष्ट. भाविका दोन वर्षांची होती. पत्रे तापून शेडमध्ये उभं राहवत नव्हतं आणि दिल्लीकडं जाणारा ट्रक भरायचा होता. एक मजूर चक्कर येऊन बसला, तसं मंदाबाईंनी सगळ्यांना काम थांबवायला लावलं आणि ताक दिलं. आबा बागेतून आले ते नेमके तेव्हाच. माणसं ग्लास घेऊन बसलेली, पेट्या रिकाम्या.

मजुरांना ते एक शब्द बोलले नाहीत. शेडच्या खांबाला खिळा होता, त्याला त्यांनी टोपी लावली.

चारचौघांसमोर ही पहिलीच वेळ. पहिला दांडा पाठीत, दुसरा कानावर. तिसऱ्यानं भुवई फाटली. मंदाबाई टाकीच्या काठावर आपटल्या आणि तुरटीच्या पाण्यात, धुतलेल्या हिरव्यागार फण्यांवरून, रक्ताचे लाल धागे पसरत गेले. मजूर ग्लासात बघत बसले. तेवढ्यात "आजीऽ" म्हणत भाविका धावली आणि मंदाबाईंच्या पायाला बिलगली. आबांचा हात वर गेलेला होता. त्यांनी पोरीला पाहिलं. डिंपलनं त्यांचे डोळे पाहिले, त्यांनी पोरीला नीट पाहिलं होतं, आणि हात खाली यायला निघालाच होता.

डिंपलनं झेप घेऊन पोरीला ओढलं. फटका काही आला नाही. आबांचा हात वरच अडकला. दांडा मागच्या मागं गळून पडला. तोंड राखेच्या रंगाचं झालं, त्यांनी छाती मुठीत धरली आणि दांड्यांच्या ढिगावरच ते बसले, मग कलंडले.

"वहिनी, चावी!" पिकअपचा ड्रायव्हर मगन ओरडला.

चावी डिंपलच्या हातात होती. भाविका तिच्याशी खेळत होती म्हणून थोड्या वेळापूर्वीच तिनं ती काढून घेतली होती. तिनं मूठ मिटली.

"वहिनी, चावी द्या ना!"

मूठ उघडेना. आबांच्या कपाळावर केवढाले घामाचे थेंब उभे राहिले होते, ते ती बघत होती. तिसऱ्यांदा मगननं हाक मारली. तोवर मंदाबाई सरपटत नवऱ्यापाशी पोचल्या होत्या. एका डोळ्यात रक्त उतरलेलं, कान फुगलेला. त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि वांगं उलटवताना बोलल्या होत्या त्याच आवाजात म्हणाल्या, "डिंपल, चावी दे."

मूठ उघडली. तळव्यात चावीचे दात उमटले होते.

*

जळगावला पोचेपर्यंत अडीच तास गेले. दवाखान्यात बंद झालेली नस उघडली, त्यात स्टेंट घातला, जीव वाचला. पण तोवर हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग मरून गेला होता. निम्म्याहून जास्त रक्त पुढं ढकलायला हवं तिथं हृदय अठ्ठावीस टक्केच ढकलत होतं. मंदाबाईंच्या भुवईला सहा टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "गडबडीत गाडीच्या दाराले लागलं."

आबा घरी आले ते दुसराच माणूस होऊन. न्हाणीपर्यंत जायचं तर मध्ये एकदा बसावं लागे. टोपी डोक्यावर असायची ती सकाळपासून झोपेपर्यंत. भाविका त्यांच्या मिशा विंचरायची आणि ते विंचरू द्यायचे. घराला आवाज फुटले. मंदाबाई मोठ्यानं हसतात हे डिंपलला साडेतीन वर्षांत पहिल्यांदा कळलं. हसताना त्या तोंडावर हात नव्हे तर पोटावर हात ठेवत. आषाढात त्या रावेरच्या बाजारात गेल्या आणि मोतिया रंगाची साडी घेऊन आल्या. असा रंग त्यांनी लग्नानंतर कधी घेतला नव्हता. महिनोन्महिने ती साडी दोरीवर वाळत राहिली, पाठ कोरी.

सकाळ-संध्याकाळच्या मिळून नऊ गोळ्या. त्या मंदाबाई द्यायच्या.

आबांना तपासणीला जळगावला नेलं तेव्हा डॉ. शिल्पा नावाच्या बाईंनी त्यांना वेगळ्या खोलीत बोलावलं. तरुणच होत्या, एका नव्या उपचाराच्या अभ्यासाचं काम बघत. त्यांनी नीट समजावलं. कंबरेच्या हाडातून मगज काढायचा, त्यातल्या मूळ पेशी प्रयोगशाळेत वेगळ्या करायच्या, आणि मनगटातून नळी घालून त्या पेशंटच्याच हृदयाच्या नसेत सोडायच्या. "माल तुमचाच, तुम्हालाच. पैसे काही लागणार नाहीत. पण आबा, नीट ऐका. यानं मेलेला भाग सुधारतो की नाही, हे अजून कुणालाच नक्की माहीत नाही. कुठं थोडा फायदा दिसला, कुठं काहीच नाही. म्हणून तर हा अभ्यास. मगज सगळ्यांचा काढणार, नळी सगळ्यांना घालणार. पण निम्म्या लोकांना पेशी मिळतील आणि निम्म्यांना नुसतं द्रव. कुणाला काय, ते मलाही कळणार नाही. चिठ्ठी कॉम्प्युटर काढतो. सगळ्यांचं वर्ष भरलं की मगच उघडायची."

आबांचे डोळे चमकले होते ते 'माल तुमचाच' या शब्दावर. पुढचं त्यांनी किती ऐकलं कोण जाणे.

"म्हंजे पीलच की!" ते म्हणाले. "बाईसाहेब, केळीचं एक पीक निघालं की आम्ही नवं झाड लावत नही. जमिनीतल्या जुन्याच कांद्यातून पील, म्हंजे नवा कोंब, फुटते, त्यातलं चांगलं पाहून राखतो. त्याच वावरात, त्याच मुळावर नवी बाग. पीलबाग."

"हां, तसंच समजा," डॉक्टरबाई हसून म्हणाल्या. त्या हसल्या नसत्या तर बरं झालं असतं, असं डिंपलला पुढं कितीदा तरी वाटलं.

आबांनी सही केली. नात्यातल्या कुणीतरी कागद मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि वाचल्याची सही करायची होती. आबा म्हणाले, "डिंपलबाई शिकेल हायेत." अकरा पानं तिनं वाचली. प्रत्येक पानावर तिला मोतिया साडी दिसत होती. शेवटच्या पानाशी ती थांबली, "पाणी पिऊन येते" म्हणाली आणि बाहेर आली. मंदाबाई मागोमाग आल्या.

"आई, मी नाही करत सही," डिंपल दबक्या आवाजात म्हणाली. "आहेत तसे राहू देत. तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणते?"

"कळते."

"मग?"

मंदाबाईंनी आपले दोन्ही तळवे तिच्यापुढं धरले. "रोज नऊ गोळ्या या हातानं देते. परवा एक गोळी मुठीतच राह्यली. आठच दिल्या. विसरली नव्हती मी, डिंपल. मोरीत टाकली आन पानी सोडलं. तीस वरसं मार खाल्ला तवा कधी मनात आलं नही, अन् आता तो पडेल हाये तर रोज येते." त्यांनी हात पदरात लपवले. "त्याले बरा होऊ दे. तो पायावर उभा राह्यला तर माहे हात तरी चांगले राह्यतीन. कर सही."

डिंपल आत गेली आणि तिनं सही केली. डिंपल ललित पाटील. तारीख, वेळ.

*

हाडात सुई घातली तेव्हा आबा हूं की चूं बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र ओसरीत रोज दरबार भरायचा. शेजारचे चुडामण नाना विचारायचे, "लोटनभाऊ, कंबरेतलं छातीत घातलं म्हनता. मंग आता बसता कशावर?"

"तुमच्या डोक्यावर," आबा म्हणायचे, आणि ओसरी हसायची.

महिन्याभरात ते बागेपर्यंत चालत जाऊ लागले. दोन महिन्यांत घड उचलू लागले. ललित तर हरखून गेला. "बघ, विज्ञान म्हणजे कमाल आहे! आणि तू सही करायला घाबरत होतीस." तीन महिन्यांच्या तपासणीत आकडा एकोणतीस आला. "जवळजवळ तेवढंच आहे," डॉ. शिल्पा म्हणाल्या, "पण तुम्हाला बरं वाटतंय हे चांगलं. गोळ्या एकही चुकवू नका." आबांनी ऐकलं ते 'बरं वाटतंय, चांगलं' एवढंच.

आणि पौषात एका सकाळी त्यांनी गोळ्यांची वाटी हातानं उडवून दिली.

"बस झालं. पील धरलं की जुनं खोड कापावं लागते. नही कापलं तर पिलाचं खाते ते. या गोळ्या जुन्या हृदयाच्या. नवं त्याच्यानं मरून जाईन."

"डॉक्टरबाई म्हने एकही चुकवू नका," मंदाबाई वाकून गोळ्या वेचू लागल्या.

"डॉक्टरबाईनं केळी लावली कधी?"

"तुम्ही तरी हृदय लावलं कधी?"

हे मंदाबाईंच्या तोंडून निघून गेलं. सात-आठ महिने हसून झाल्यावर माणसाची जीभ सैल होते. स्वतःच्याच शब्दांवर त्यांना हसूही आलं आणि त्यांनी पोटावर हात ठेवला.

आबांनी टोपी काढली. फुंकर मारली. खुंटीला लावली.

डिंपलनं भाविकाला उचललं, मागच्या दारातून अंगणात काढलं, आत येऊन कडी लावली, आणि ती परत फिरली. या खेपेला ती परत आली. तोवर मंदाबाई खाली होत्या. दांडा नव्हता हाताशी, म्हणून आबांनी पाटा-वरवंट्यातला वरवंटा घेतला होता. पहिला घाव त्यांनी उजव्या हातावर घातला, ज्या हातात वेचलेल्या गोळ्या होत्या त्याच हातावर. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला आणि कोपराखालचा हात, जिथं वळायला नको तिथं वळला. गोळ्या पुन्हा विखुरल्या. आबांनी पायानं एकेक गोळी चिरडली. मग केस धरून मंदाबाईंचं तोंड त्या भुकटीवर घासलं. "घे. तूच खाय."

डिंपलनं मागून त्यांचा दंड धरला. त्या दंडात काय जोर होता! त्यांनी नुसतं झटकलं तर ती दाराच्या चौकटीवर जाऊन आदळली, ओठ फुटला, तोंडात दाताचा तुकडा आला. बाहेर भाविका दार बडवत होती. शेडमध्ये मोटर चालू झाली.

मंदाबाईंच्या पाठीत चार-पाच लाथा घालून आबा थांबले. धाप लागली नव्हती. त्यांनी हात धुतले, टोपी घातली आणि खाटेवर बसले.

"डिंपलबाई, चहा."

त्या दिवशी डिंपलनं चहा टाकला नाही. तिनं बॅग भरली. पण ललित पाया पडला, आबा एकदम बदललेत, नव्या रक्ताचा जोर आहे, बसेल खाली, म्हणाला. माहेरून आई म्हणाली, पोरीला घेऊन काय करशील. आणि प्लास्टर घातलेल्या मंदाबाईंना खाऊ कोण घालणार होतं? बॅग भरलेलीच पलंगाखाली राहिली. सरकारी दवाखान्यात मंदाबाईंनी सांगितलं, "न्हाणीत पाय घसरला." डिंपल शेजारीच उभी होती. तिचा ओठ सुजलेला होता. लिहून घेणाऱ्यानं दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं आणि 'न्हाणीत' असं लिहिलं.

त्यानंतर टोपी कधी महिन्यातून एकदा, कधी दोनदा. मोतिया साडीवर पहिला आडवा पट्टा होळीच्या आधी पडला.

*

वर्ष भरलं, सगळ्या पेशंटांच्या चिठ्ठ्या उघडल्या आणि जळगावहून बोलावणं आलं. ललित गाडी चालवायला, आबा पुढं. मागं मंदाबाई, डिंपल आणि साडेतीन वर्षांची भाविका.

आकडा सत्तावीस होता. पहिल्यापेक्षाही एक कमी. डॉ. शिल्पांनी कागद फिरवून त्यांच्यापुढं ठेवला. "आबा, तुम्हाला पेशी मिळालेल्या नव्हत्या. तुम्ही दुसऱ्या गटात होता. नुसतं द्रव."

"म्हंजे पानी?"

"पाण्यासारखंच समजा."

आबांनी आपले हात टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडं पाहिलं. डिंपलही त्या हातांकडं बघत होती. हातात काहीच नवीन आलं नव्हतं. छातीतही नाही. सात-आठ महिने त्या घराला जे सुख मिळालं, ते हृदय दुबळं झालं म्हणून नव्हतंच. मरायची भीती वाटत होती तेवढ्यापुरतं होतं. पाण्याच्या पिचकारीनं ती भीती गेली आणि माणूस होता तसा उभा राहिला.

"मंग माहं हाड फोडून काढलं ते?" आबांनी विचारलं. "ते कोनाले लावलं?"

"कुणालाच नाही. एकाचं दुसऱ्याला चालत नाही. ते—"

"चिठ्ठी कोनी काढली?"

"कॉम्प्युटरनं, आबा. सांगितलं होतं ना."

"आन सही कोनाची होती?"

डॉक्टरबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी फाईल उघडली आणि शेवटचं पान दाखवलं. "तुमची. आणि वाचून दाखवणाऱ्या तुमच्या सूनबाईंची."

आबांनी मान डोलावली. गोळ्या पुन्हा लिहून घेतल्या. बाईंना हात जोडले.

गाडीनं नशिराबाद मागं टाकलं. मग आबा रस्त्याकडं बघत सावकाश म्हणाले, "सही कराच्या आधी दोघी बाहेर गेल्त्या. पानी प्याले."

ललितनं गिअर बदलला.

"माह्या कांद्याचं पील काढून दुसऱ्याच्या वावरात लावलं. आन माले पानी. सासू-सुनांनी ठरवलं बाहेर उभं राहून."

"आबा, असं नसतं हो," ललित म्हणाला. "ते कॉम्प्युटर..."

"तू गाडी चालव."

भुसावळात शिरताना वाहनं तुंबली होती. गाडी थांबली. आबांनी डोक्यावरची टोपी काढली. फुंकर मारली. आणि गाडीत खुंटी नव्हती म्हणून ती समोर, काचेखाली, नीट ठेवली.

डिंपलच्या मांडीवर भाविका झोपली होती. डिंपलनं पोरीला घट्ट धरलं. तिच्या मनगटावर मंदाबाईंचा हात आला, तोच, वाकडा जुळलेला.

"डिंपल, पोरीले घीऊन उतर."

"तुम्हीपण उतरा, आई."

"उतर म्हनते ना."

"तुम्ही उतरल्याशिवाय—"

"दोघी उतरलो तर तो उतरंन," मंदाबाई तिच्या कानाशी म्हणाल्या. "मी बसली तर गाडी चालू राह्यते. पाच वरसांपूर्वी सांगितलं तवा तू हसली होती. आता हसू नको."

त्यांनी स्वतःच हात लांब करून तिच्या बाजूचं दार उघडलं आणि तिला ढकललं, अगदी जोरात. डिंपल पोरीसकट रस्त्यावर आली. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत शिव्या देत होता. आबांनी मागं वळून पाहिलं, पण पुढची वाहनं हलली होती आणि ललितनं, का कोण जाणे, पाय दाबला. काचेतून डिंपलला मंदाबाईंची पाठ दिसली. मोतिया साडी, पाठीला एकावर एक काळे पट्टे. मग केळी भरलेला एक ट्रक मध्ये आला.

*

याला आता पाच आठवडे झाले. डिंपल शिरपूरला माहेरी आहे. आई आता 'बठ्ठा घरस्मा' म्हणत नाही. मंदाबाईंचा फोन त्याच संध्याकाळपासून बंद आहे. ललित उचलतो. आई झोपलीय, म्हणतो. आई शेतात गेलीय. गेल्या मंगळवारी "आई बरी आहे" म्हणाला तेव्हा त्याच्या आवाजामागं टाकीच्या मोटरची घरघर येत होती. डिंपलनं लगेच मगनला फोन लावला. मगन म्हणाला, "नही वहिनी, या आठवड्यात कापणीच नही. शेड बंद हाये."

तिनं पोलिसांना कळवलं. एक हवालदार जाऊनही आला. बाई दारात आल्या, पदर घेतलेला होता, म्हणाल्या मी बरी आहे, असं त्यानं सांगितलं. ती भावाला घेऊन स्वतः गेली तर फाटकाला आतून कुलूप. ललितनं फाटकावरूनच भाविकाचे कपडे दिले. तेवढ्या वेळात तिला ओसरीतली खुंटी दिसली. तिच्यावर टोपी होती.

म्हणून डिंपलनं सांगितलं तसं हे लिहून ठेवलंय. तुम्ही केळीच्या कामानं म्हणा, कुणाच्या लग्नाला म्हणा, रावेरहून सातपुड्याच्या अंगाला जाणार असाल, तर डावीकडं हिरव्या पत्र्याचा मोठा शेड लागेल, त्याला लागून घर. हाक मारा, पाणी मागा. लोटन पाटील तुमचं चांगलं स्वागत करतील, हात जोडतील. तुम्ही पाणी मंदाबाईंच्याच हातचं मागा. त्या समोरून बऱ्याच दिसतील, बरीच आहे म्हणतील. त्यावर जाऊ नका. तांब्या घेऊन त्या परत आत वळतील तेव्हा त्यांच्या पाठीकडं बघा. डाग खांद्यावर असेल तर तो केळीचा. आडवा असेल, नवा असेल, किंवा पाणी घेऊन त्या आल्याच नाहीत, तर फाटकाबाहेर येऊन लगेच ११२ ला फोन लावा, आणि कुणी येईपर्यंत तिथून हलू नका.